सांगतोय ते आधी ऐका

प्रति,
मोबाइलची ॲप आणि संगणकाची सॉफ्टवेअर आखणारे तरुण अभियंते आणि डिझायनर,
हिंजवडी, खराडी, ऐरोली, बंगळुरू आणि जिथे कुठे असाल तिथे



तुमच्या धंद्यात सध्या एका गोष्टीची फार चलती आहे. ॲपने माणसाला ओळखावे, त्याच्या सवयी शिकाव्यात आणि त्याने तोंड उघडण्याआधीच त्याला हवे ते पुढ्यात ठेवावे. जाहिराती याच गोष्टीच्या, मुलाखतीही याच गोष्टीबद्दल. आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आल्यामुळे प्रत्येकाला त्याच्यापुरता वेगळा स्क्रीन जागच्या जागी तयार करून देता येईल, असे तुम्ही म्हणता. येईलही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी संगणकाचे वर्ग घेते. आधी नुसत्या एमएस-सीआयटीच्या बॅच होत्या, आता जोडीला ज्येष्ठांना मोबाइल शिकवते. तुम्ही जे बनवता ते शेवटी माझ्या वर्गातल्या बाकावर येऊन पडते. तेवढ्या हक्काने हे पत्र.

माझी तक्रार थोडक्यात अशी: माणूस स्पष्ट सांगतो ते तुमचे सॉफ्टवेअर ऐकत नाही, आणि तो जे बोललाच नाही ते ओळखायला जाते.

न ऐकण्याचे आधी बोलू. ज्येष्ठांच्या बॅचचा पहिला धडा अक्षरे मोठी करण्याचा. सेटिंग्ज, डिस्प्ले, फॉन्ट साइज, आणि ती पट्टी उजवीकडे सरकवायची. हे जमले की सगळी बॅच खुश होते, कारण दर वेळी चष्मा शोधण्याची कटकट मिटते. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, अक्षरे मूळ आकाराच्या दुप्पट करता येतात. मग आम्ही बँकेचे ॲप उघडतो. बँकेचे नाव घेत नाही, कारण ही एकट्या कोणाची गोष्ट नाही. अटी-शर्तींचा परिच्छेद फुगून सगळा स्क्रीन व्यापतो, त्याच्याखालचे ‘पुढे जा’ हे बटण तळाच्याही खाली निघून जाते आणि तो भाग वर सरकवायची सोयच ठेवलेली नसते. काकू बोटाने ढकलून ढकलून दमतात. शेवटी उपाय एकच उरतो: परत सेटिंग्जमध्ये जायचे, अक्षरे बारीक करायची, बटण दाबायचे, काम झाले की अक्षरे पुन्हा मोठी करायची. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपलेली असते.

या बाईंनी फोनला काय सांगितले होते? मला बारीक दिसत नाही. याहून स्वच्छ कोणी काय सांगायचे? इथे कसलाही अंदाज बांधायचा नव्हता. फोनच्या सेटिंगमध्ये ते नोंदलेले होते, ॲपने नुसते वाचायचे होते आणि स्क्रीन त्याप्रमाणे मांडायचा होता. तेच ॲप त्यांच्यासाठी ‘खास’ निवडलेले कर्ज मात्र पहिल्याच स्क्रीनवर दाखवायला विसरत नाही. त्यांनी कर्ज मागितले नव्हते.

भाषेचेही तेच. मराठी निवडली की पहिला स्क्रीन मराठी होतो. दोन पायऱ्या आत गेले की हिंदी किंवा इंग्रजी सुरू. आणि काही अडले, पैसे अडकले, पासवर्ड चुकला, तर ती सूचना हमखास इंग्रजीत येते, म्हणजे जिथे माणसाला आपल्या भाषेची सर्वांत जास्त गरज असते नेमके तिथे. मराठी कीबोर्डवर सुचवले जाणारे शब्द मधूनच हिंदीकडे घसरतात, कारण लिपी एकच आणि शिकायला हिंदी मजकूर कितीतरी जास्त. कारण मला कळते. पण माणसाने ‘मराठी’ या पर्यायावर बोट ठेवले होते, हेही खरे आहे.

उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड केला. त्यात व्यंजने शाळेत गिरवलेल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. ‘क’वर बोट ठेवले की त्याच्याभोवती चक्र उमटते, क, का, कि, की, आणि बोट त्या दिशेला नेले की अक्षर उमटते. ‘ग’ दाबा, चक्र ‘ग’चे होते, पण काना जिथे होता तिथेच राहतो. कोणाच्या सवयी न चोरता माणसाला आधीपासून येणाऱ्या गोष्टीशी जुळवून घेणे असेही असते.

आता ओळखण्याचे. तुम्ही ‘यूजर’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे एक माणूस आणि त्याचा एक फोन असतो. आमच्याकडे कित्येक घरांत तसे नसते. सकाळी फोन वडिलांकडे: डेअरीचा ग्रुप, बाजारभाव. दुपारी आईकडे: बचत गटाचा हिशेब, मग एखादे कीर्तन. संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलाकडे, आणि तो काय बघतो ते विचारू नका. रात्री आजीची राहून गेलेली मालिका. तुमचे सॉफ्टवेअर हे सगळे एकाच खात्यावर मांडते, आणि त्यातून जो माणूस उभा राहतो तो त्या घरात राहतच नाही. तो कांद्याचा भाव बघतो, गाड्यांच्या शर्यती खेळतो, तुकाराम महाराजांवरचे निरूपण ऐकतो आणि त्याला गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती येतात.

माझ्या बॅचमधल्या एका शेतकऱ्याच्या फोनवरून त्यांची मुलगी मैत्रिणींशी गप्पा मारते. कीबोर्ड तिच्याकडून शिकला. मराठीत बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदच सांगते, त्यामुळे हे शिक्षण लपत नाही. वडिलांनी ग्रामसेवकाला ‘मी उद्या कचेरीत’ एवढे लिहिले, पुढे ‘येते’ हा शब्द तयार होता, त्यांनी घाईत तोच दाबला आणि पाठवून दिला. गावात आठवडाभर करमणूक झाली.

सगळेच असे हसण्यावारी जात नाही. नित्या संबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या स्त्रिया फोन कसा वापरतात याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. घरातल्या इतरांना फोन द्यावा लागतो हे या बायकांनी गृहीतच धरलेले होते. म्हणून कोणी ॲपला कुलूप लावते, कोणी नेमक्या तेवढ्याच नोंदी पुसते, कोणी काही गोष्टी फोनवर करतच नाही. आता विचार करा. एका बाईने दुपारी एखाद्या आजाराबद्दल शोधले, किंवा वकिलाबद्दल. संध्याकाळी फोन सासऱ्यांच्या हातात गेला आणि तुमच्या ॲपने मोठ्या उत्साहाने त्याच विषयाचे व्हिडिओ वर आणून ठेवले. तुमच्या लेखी ती सोय, तिच्या लेखी चुगली. आणि त्या बाईला स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटांनी, सॉफ्टवेअरची स्मरणशक्ती पुसत बसावे लागते.

कायद्याचेही बघा. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. चांगला कायदा आहे. पण संध्याकाळी त्या फोनवर आठवीतला मुलगा असतो हे तुमच्या नोंदीत कुठे आहे? नोंदीत त्याचे वडील आहेत, वय सेहेचाळीस.

यावरचा उपाय काही फार मोठ्या शास्त्राचा नाही. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये एकाच खात्यात घरातल्या प्रत्येकाला वेगळे प्रोफाइल दिले आणि दारातच विचारायला सुरुवात केली की कोण बघतंय. अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीपासून एकाहून अधिक वापरणाऱ्यांची सोय आहे. पण ती सगळ्या कंपन्यांच्या फोनवर मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथे सेटिंग्जच्या इतक्या आत असते की मलाही शोधावी लागते. करमणुकीच्या ॲपला जे सुचले ते आरोग्याच्या, शिक्षणाच्या, बँकेच्या ॲपला का सुचू नये?

गंमत अशी की माणूस ओळखण्याच्या तुमच्या या विद्येची सुरुवात विचारण्यापासूनच झाली होती. १९७९ मध्ये इलेन रिच यांनी ‘ग्रंडी’ नावाच्या प्रोग्रामवर शोधनिबंध लिहिला. ग्रंडी ग्रंथपालाचे काम करायचा. वाचकाला तो आधी स्वतःचे वर्णन थोड्या शब्दांत करायला लावायचा, त्यावरून ठोकताळा बांधून कादंबरी सुचवायचा, आणि वाचकाने नाक मुरडले तर आपले काय चुकले ते पुन्हा विचारायचा. ठोकताळे ढोबळ होते, पण ते कशावरून बांधले हे वाचकाला ठाऊक असायचे.

पुढे मात्र विचारणे मागे पडले आणि बघत राहणे सुरू झाले. त्यात यशही आले, ते नाकारत नाही. १९८५ मध्ये कॅनडात सॉल ग्रीनबर्ग आणि इयन विटन यांनी फोनच्या यादीचा एक मेनू केला, ज्यात वारंवार लागणारी नावे आपोआप वर येत, आणि तो स्थिर मेनूपेक्षा लवकर वापरता आला. पण चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, मिचेल आणि श्नायडरमन यांनी जागा बदलणारे मेनू आणि जागच्या जागी राहणारे मेनू लोकांपुढे ठेवले, तेव्हा बहुतेकांनी जागचे न हलणारेच पसंत केले. या दोन निकालांमधला पेच तुमच्या धंद्याने नीट सोडवला आहे असे मला अजूनही वाटत नाही.

मग मायक्रोसॉफ्टचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला. ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी पेपर क्लिप आली. तिच्यामागे मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये एरिक हॉर्विट्झ आणि मंडळींनी केलेले ‘लुमियेर’ नावाचे गंभीर काम होते: माणूस काय करू पाहतो आहे याची शक्यता गणिताने मांडायची. बाजारात आलेल्या क्लिपमध्ये त्यातले बरेचसे गळले. माणूस नवखा आहे की सराईत याची कायमची आठवण तिला नव्हती, त्यामुळे दहा वर्षे पत्रे टाइप करणाऱ्यालाही ती पत्र लिहायला मदत करू का म्हणून विचारायची. लोक वैतागले. ऑफिस एक्सपीमध्ये ती आपोआप येणे बंद झाले आणि ऑफिस २००७ मध्ये तिला निरोप मिळाला.

क्लिपची चेष्टा सगळ्यांना आठवते. माझ्या मते ऑफिस २००० मधल्या मेनूंचा धडा त्याहून मोलाचा आहे. त्या मेनूंत तुम्ही वापरत नसलेल्या आज्ञा आपोआप लपत. खाली दोन बाणांची खूण असे, तिच्यावर दाबले किंवा थोडे थांबले की पूर्ण मेनू उलगडे. हेतू चांगला, गर्दी कमी करण्याचा. झाले असे की माणूस ज्या आज्ञेच्या शोधात आहे ती बहुधा तीच असायची जी तो नेहमी वापरत नाही, आणि तीच लपलेली असायची. मेनू उलगडला की लपलेल्या आज्ञा मधल्या-मधल्या जागी घुसत आणि ओळखीच्या आज्ञा खाली सरकत. डोक्यात नकाशा तयार व्हायचाच नाही. त्यात एकाच लॉगिनवर दिवसभर वेगवेगळे लोक बसत असतील, जसे आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेत बसायचे, तर तो मेनू कोणाचाच नसायचा. ऑफिस २००७ मध्ये मेनूंच्या जागी रिबन आली, आणि रिबनमधली बटणे आपली जागा सहसा सोडत नाहीत.

२००४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनेर यांनी तीन प्रकारचे मेनू एकमेकांशी ताडून पाहिले: स्थिर, आपोआप बदलणारा, आणि माणसाने स्वतः बदलायचा. आपोआप बदलणारा मेनू स्थिर मेनूपेक्षा हळू ठरला. बहुतेकांना आवडला तो स्वतः बदलायचा. माझ्या वर्गात येऊन बसणाऱ्या कोणालाही या निकालाचे नवल वाटणार नाही.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका माझ्या बॅचला आहेत. तिकिटांचा हिशेब आयुष्यभर चोख ठेवलेला माणूस. मोबाइलवर पैसे पाठवायला शिकले ते एका छोट्या डायरीत लिहून घेऊन. डायरीत काय आहे ते सांगते, कारण कोणत्याही शोधनिबंधाइतकीच ती तुमच्या उपयोगाची आहे. पेन्सिलने चौकोन काढले आहेत, स्क्रीनसारखे. त्याखाली ओळी: ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे चित्र. मग वरून दुसरे नाव, मनीषा (मुलगी). रक्कम. निळे बटण. पिन. हिरवी खूण येईपर्यंत फोन ठेवायचा नाही.’ इंग्रजी येत नसले तरी जागा पाठ, म्हणून काम होत होते. एके दिवशी ॲपने त्यांच्या व्यवहारांवरून शिकून नावे वरखाली केली. दुसऱ्या जागेवर गॅसवाला आला. काकांनी डायरीप्रमाणे बोट ठेवले. पिन टाकायच्या आधी मी पाहिले म्हणून बरे. त्यांनी काही चूक केली नव्हती, पण त्या दिवसापासून ते पैसे पाठवायला मुलाला बोलावतात.

एसटी स्टँडवर कालच्या प्रवाशांची गर्दी पाहून आज कोल्हापूरच्या गाडीचा फलाट बदलला, तर किती प्रवासी गाडी चुकतील हे काका तुम्हाला बसल्या जागी सांगतील.

वर्गातली दुसरी अडचण तुमच्या लक्षात आली असेल की नाही, मला शंका आहे. आमच्याकडे लोक ॲप शिकतात ते पुस्तक वाचून नव्हे, तर शेजारच्याचे बघून. भाचा काकाला दाखवतो, अंगणवाडीताई दुसरीला दाखवते, रेशन दुकानासमोरच्या रांगेतही शिकवण्या चालतात. हे चालते कारण तुझ्या फोनवर जे आहे ते माझ्याही फोनवर आहे. हल्ली मी फळ्यावर चित्र काढून म्हणते, ‘वर उजवीकडे गोल आहे, तो दाबा’, आणि मागून आवाज येतो, ‘मॅडम, माझ्यात नाहीये.’ ॲप तेच, आवृत्तीही तीच. पण एकाला तुम्ही एक रचना दाखवून बघत असता, दुसऱ्याला दुसरी, आणि तिसऱ्याचा स्क्रीन त्याच्या सवयींवर बेतलेला असतो. तुम्ही प्रत्येकाला वेगळे केलेत, आणि त्यामुळे कोणालाच कोणाला मदत करता येईना. ज्याला घरी विचारायला कोणी इंजिनिअर आहे त्याचे भागते.

म्हणून मी आपोआप जुळवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विरोधात आहे असे समजू नका. क्षिश्टोफ गायोस यांच्या २००६ च्या प्रयोगात याचा एक सरळ मार्ग दिसतो. नेहमी लागणारे बटण उचलून दुसरीकडे नेले तर लोकांना ते रुचत नाही. पण मूळ बटण जागेवर ठेवून त्याची प्रत एका ठरलेल्या पट्टीत दिली, तर तीच सोय लोक आनंदाने घेतात. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला, चुकला तर नुकसान नाही. काकांच्या बाबतीतही एवढेच हवे होते: वर ‘नुकतेच पाठवलेले’ अशी वेगळी पट्टी, आणि खालची यादी होती तशी.

जिथे जुळवून घेण्यावाचून गत्यंतरच नाही अशी माणसे आहेत, आणि त्यांच्या वाट्याला तुमची हुशारी सर्वांत कमी येते. केवायसीसाठी चेहरा दाखवताना ॲप म्हणते, डोळे मिचकावा. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे त्याला तपासायचे असते. ॲसिड हल्ल्यात पापण्या जळालेल्या माणसाने ते कसे करायचे? ही अडचण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याखेरीज दुसऱ्या रीतीनेही जिवंतपणा तपासता आला पाहिजे, हा त्यातलाच. त्याच निकालात एका अंध याचिकाकर्त्याच्या याचिकेचाही निवाडा झाला. मला खटकते ते हे की ‘मला हे जमत नाही, दुसरा मार्ग द्या’ एवढे एक बटण स्क्रीनवर यायला सर्वोच्च न्यायालय लागावे.

हे करता येत नाही असे कोणी म्हणू नये. याच गायोस यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात डॅनियल वेल्ड यांच्याबरोबर ‘सपल’ नावाची प्रणाली केली होती. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या माणसाला ती आधी काही साधी कामे करायला देई: या ठिपक्यावर जा, हे ओढून तिकडे न्या, यादीतले एक निवडा. त्या माणसाला काय सोपे जाते आणि काय जड जाते हे त्यातून मोजून ती त्याच्यासाठी तशी खिडकी मांडत असे. एकाला मोठी बटणे, दुसऱ्याला जवळजवळ ठेवलेली छोटी बटणे, कारण त्याला नेम धरता येतो पण हात लांब नेता येत नाही. अशा खिडक्यांवर या लोकांचे काम लवकर झाले आणि चुका फार कमी झाल्या. यातही मोजमाप आहे, अंदाज आहे, गणित आहे. पण माणसाला ठाऊक आहे की आपली चाचणी चालली आहे, कशासाठी चालली आहे, आणि तिचा निकाल त्याच्या डोळ्यांपुढे आहे.

हे काम सुमारे दोन दशकांपूर्वीचे आहे. तेव्हापासून तुमच्याकडची यंत्रे किती वाढली, गणित किती वाढले. तो सगळा जोर कुठे लागला ते तुमच्याच फोनवरचे कोणतेही करमणुकीचे ॲप उघडून बघा. माणसाला अजून पाच मिनिटे कसे धरून ठेवायचे यासाठी त्याच्या बोटाच्या प्रत्येक थांबण्याचा हिशेब ठेवला जातो. अक्षर मोठे केल्यावर बटण जागेवर राहते का, याचा हिशेब ठेवायला कोणाला पगार मिळतो? तुमच्यातल्या काहींना मिळतो, आणि बैठकीत त्यांचे म्हणणे सगळ्यांत शेवटी, वेळ उरला तर घेतले जाते, असे माझ्याकडे शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या मुलांकडूनच ऐकते.

तेव्हा पुढची आवृत्ती काढण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये माणसाने जे लिहून ठेवले आहे ते वाचा: अक्षरांचा आकार, भाषा, आवाज, स्क्रीनवरची हालचाल कमी करा म्हणून दिलेली सूचना. तुमचा प्रत्येक स्क्रीन सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि मराठीत स्वतः उघडून बघा, चुकांच्या सूचनांसकट. घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात फोन जाणार हे धरूनच चाला, आणि नाजूक विषयांवर काही शिकायचे असेल तर आधी विचारा. जे शिकलात ते एका पानावर साध्या मराठीत दाखवा: तुम्ही अमुक आहात, तुम्हाला तमुक लागते, असे आम्ही धरून चाललो आहोत. प्रत्येक ओळीपुढे ‘हे चूक आहे’ आणि ‘हे विसरा’ अशी दोन बटणे द्या. जे बटण एकदा एका जागी ठेवलेत ते माणसाला न विचारता हलवू नका. आणि कितीही वेगळे स्क्रीन करा, पण सगळ्यांच्या फोनवर सारखाच दिसेल असा एक मूळ स्क्रीन ठेवा आणि त्यावर परत जाण्याचे बटण कायम डोळ्यांसमोर असू द्या. मॅकग्रेनेर यांनी २००२ मध्ये वर्डवर नेमके हेच करून पाहिले होते: एक स्वतःपुरता सुटसुटीत मेनू, एक पूर्ण मेनू, आणि या दोहोंत जा-ये करायला एक बटण. मला शिकवण्यापुरते तेवढे पुरे आहे.

ज्येष्ठांची बॅच शनिवारी सकाळी दहाला भरते. पुण्याहून एसटीने येऊन दुपारपर्यंत परत जाता येते. या, तुमचे ॲप घालून फोन आणा, काकांच्या हातात द्या आणि मागच्या बाकावर बसा. तासभर काही समजावून सांगू नका. चहा आमच्याकडून.

आपली,
एक संगणक शिक्षिका